शालन इंगवलेचं मानपत्र

"सबनीस, यंदा मानपत्र असं लिहा की बायकांचे पदर ओले झाले पाहिजेत," घोरपडे हेडसर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा सेवावह्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"पदर ओले व्हायला आधी मूल तसं सापडायला हवं, सर."

"मूल सापडलेलं आहे. वरची वही बघा."

वरची वही ट्रस्टच्या अध्यक्षांच्या नातवाची होती. संजयनं वर्षभरात लावलेल्या झाडांचा आकडा अख्ख्या पळसमाळ तालुक्यातल्या झाडांपेक्षा मोठा होता. वर्षभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत केलेल्या दिसत होत्या. मी वही मिटली आणि हेडसरांकडे बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. पळसमाळच्या आमच्या शाळेत नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला सेवावही ठेवावी लागे. तारीख, वेळ, काय सेवा केली, कुणाची केली आणि शेवटी ज्याची सेवा केली त्याची सही. जानेवारीत संस्थापक शिवलालशेठांच्या पुण्यतिथीला त्यांतल्या एका मुलाला सेवाव्रती पुरस्कार मिळायचा. शाल, ढाल, नारळ आणि मानपत्र. ढाल फलटणहून बनून यायची आणि मानपत्र माझ्याकडून.

मी मराठीचा शिक्षक. पण तालुक्यात माझी ओळख मानपत्रवाले सबनीस सर अशीच. कारखान्याचा चेअरमन असो की पोस्टातून निवृत्त होणारा पोस्टमन, मानपत्र माझंच. माणूस कसाही असो, माझ्या हाती आला की त्याचा हिमालय व्हायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं, त्या माझ्यासाठीच आहेत. बऱ्याचदा त्या असायच्याही.

संजयवर मानपत्र लिहायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी सगळा गठ्ठा घरी नेऊन चाळला. बहुतेक वह्या हात दाखवून अवलक्षण अशाच होत्या. एकीनं आजीचे पाय चेपल्याचे तास लावले होते, एकानं स्वतःच्याच वर्गाचा फळा पुसल्याचे. तळाला दहावी ब मधल्या शालन इंगवलेची वही होती. तिच्यात रोजची एकच नोंद होती. 'पहाटे पाच ते सात. एका घरी स्वयंपाकाला मदत.' रविवार नाही, सुट्टी नाही, दिवाळीचा पाडवाही नाही. सहीची जागा मात्र सगळीकडे कोरी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला ग्रंथालयात बोलावलं. आमचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक टेबल. शालन काळी, उंच, हाडापेरानं मोठी मुलगी. वर्गात तिचा आवाज कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं.

"कुणाचीच सही नाही," मी वही पुढं टाकली.

"त्यास्नी सही येत न्हाई, सर."

"मग अंगठा घ्यायचा."

"अंगठा बी नगं."

"नाव तरी लिही. समितीसमोर कोरी वही कशी ठेवू?"

"नाव लिवायचं न्हाई असं ठरलंय."

"कुणाशी?"

"त्यांच्याशीच."

मी जरा आवाज चढवला. "शालन, खोटं असेल तर आत्ताच सांग. मी काही शिक्षा करणार नाही."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "खोटं असतं तर सह्या आणल्या असत्या की, सर. संज्यानं आणल्यात तशा."

मला हसू आलं आणि पोरीबद्दल आदरही वाटला. मग मात्र मी तिची पाठ सोडली नाही. तिच्यासाठी विचारत होतो हे खरं, पण मला स्वतःलाही राहवत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "सांगती. पर शपथ घ्या, कुणाला सांगणार न्हाई."

"मास्तरालाच शपथ घालतेस?"

"घ्यायची तर घ्या, न्हाईतर वही द्या माझी."

टेबलावर शब्दकोश होता. मी त्याच्यावर हात ठेवला. तिला तेवढं पुरलं.

"द्वारकामावशी," ती म्हणाली.

द्वारकाबाई म्हणजे एसटी स्टँडमागच्या बोळातली खानावळ. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली बाई, मूलबाळ नाही. बँकेतले, डेपोतले आणि आम्ही काही शिक्षक असे पंचवीसेक डबे तिच्याकडून जायचे. माझं बिऱ्हाड साताऱ्याला, मी इथं एका खोलीत. चार वर्षं दुपारचं आणि रात्रीचं मी तिच्याच हातचं खात होतो. त्या दिवशीचा डबाही ज्ञानू शिपायानं आणून समोरच ठेवला होता.

"आमचं घरामागचं परडं आन तिचं परडं लागून हाय," शालन सांगू लागली. "दोन वरीस झालं. पहाटं मी चुलीसाठी इस्तू मागायला गेल्ते. मावशीनं तापलेला तवा दोनी हातांनी धरून खाली उतरवला. फडकं न्हाई, सांडशी न्हाई. मला वास आला. मी म्हणलं, मावशी, हात. तर ती म्हणती, काय झालं हाताला? बघितलं तर कातडं तव्याला चिकटल्यालं."

मी तिची वही उगाच उघडली आणि मिटली.

"बोटं मेल्यात तिची. पाठीवर चट्टं हायती. मी भिसेदादांला गाठलं." भिसे म्हणजे सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ. सायकलवरून गावोगाव फिरायचा. त्याची सायकल एखाद्या दारात उभी राहिली की ते घर बाटलंच, म्हणून तो सायकल कुणाच्या दारात लावायचा नाही. "गोळ्या मी स्टँडवर घेती त्यांच्याकडनं. दोन वरसं घ्यायच्या. एकोणीस म्हैनं झालं, पाच ऱ्हायलं. भिसेदादा म्हणत्यात, पयल्याच म्हैन्यात लागण थांबती. पर तवा धरायचा न्हाई, न्हाईतर जखमा हून बोटं झडत्यात. म्हणून भाकरी सगळ्या मीच करती. मावशी लांब डावानं कालवण तेवढं हलवती."

"सगळ्या?"

"साठ-सत्तर हुत्यात. दोन तासात आटपती."

म्हणजे दोन वर्षं मी या पोरीच्या हातची भाकरी खात होतो आणि वर्गात तिला 'झोपतेस काय' म्हणून रागावत होतो.

"लोकास्नी कळलं तर डबं बंद हुतील, सर. रगतपिती म्हणली की माणसं सावलीला बी उभी ऱ्हात न्हाईत. डबं बंद झालं तर ती जगंल कशावर? म्हणून नाव न्हाई लिवलं. तुमी ती ढाल दुसऱ्या कुणाला बी द्या."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. शाबास म्हणायचं, वही तिच्या हाती द्यायची आणि संजयचा हिमालय करायला घ्यायचा. पण मी म्हणालो, "पुरस्कार तुलाच मिळणार. नाव नाही, गल्ली नाही, खानावळ नाही. काही येणार नाही मानपत्रात."

"मग लिवणार काय?"

"ते माझ्यावर सोड."

तिनं मान हलवली. मी शब्दकोशावर हात ठेवला होता, म्हणून तिचा माझ्यावर विश्वास होता.

समितीत मी तासभर भांडलो. अध्यक्षांना आपला नातू मागं पडलेला आवडला नाही, पण गरिबाच्या मुलीला पुरस्कार दिला तर ट्रस्टचं नाव होईल हे हेडसरांनी त्यांच्या गळी उतरवलं. सेवा कुणाची, असं विचारल्यावर मी सांगितलं, "एका आजारी बाईची. मी स्वतः खात्री केली आहे." माझ्या शब्दाला तेव्हा तेवढी किंमत होती.

मग चार दिवस मी लिहायला बसलो. असा विषय आयुष्यात एकदाच हाती येतो हे मला कळत होतं. नाव घालायचं नव्हतं, पण 'एका आजारी बाईची सेवा केली' एवढं लिहून कुणाचा पदर ओला होणार? सर्दी-पडसंही आजारच की. मी एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि ठेवलं. मनाशी म्हटलं, चूल काय घरोघर असते. बोटं काय प्रत्येक बाईला असतात. यावरून कोण कुणाला ओळखणार?

समारंभ रविवारी सकाळी दहाला होता. शाळेचं पटांगण भरलं होतं. शालन नवं निळं पातळ नेसून आली होती, ते तिच्या आईचं असावं. तिचे वडील हमाली करायचे, ते पहिल्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आणि बायकांमध्ये, तिसऱ्या-चौथ्या रांगेत, द्वारकाबाई बसली होती. लेकीचं कौतुक बघायला यावं तशी ती आली होती. डोक्यावर पदर, नाकाला चमकी नसलेलं भोक आणि चेहऱ्यावर न मावणारा आनंद.

मानपत्र मीच वाचलं. सुरुवातीचं सोडून देतो, ते कुणाच्याही मानपत्रात चाललं असतं. मग ते वाक्य आलं.

"कुमारी शालन, ज्या बोटांना आचेची जाणीव उरली नाही, त्या बोटांची तू बोटे झालीस. ज्या हाताला जगाने दूर लोटले असते, तो हात तू पहाटेच्या प्रहरी आपल्या हाती घेतलास."

मी थांबलो. आणि थांबून, आवाज खाली आणून, तेच वाक्य पुन्हा वाचलं. बायकांचे पदर डोळ्यांना गेले. अध्यक्षांनीही चष्मा काढून पुसला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

मी समोर बघितलं तेव्हा द्वारकाबाई टाळ्या वाजवत नव्हती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. शालन ढाल छातीशी धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखाद्यानं आपल्या डोळ्यांदेखत आपली वस्तू उचलून न्यावी आणि आपल्याला अजून ते खरं वाटू नये, तसं ती बघत होती.

गर्दी पांगताना माझ्या मागून एका बाईचा आवाज आला, "कुणाची गं बोटं म्हनायची ही?" दुसरी म्हणाली, "कळंल की." मी वळून बघितलं नाही. हेडसरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सबनीस, हे तुमचं आजवरचं सगळ्यात उत्तम." मला ते ऐकायला आवडलं, हे लपवत नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत ज्ञानू रिकाम्या हातानं आला. एरवी त्याच्या दोन्ही हातांत डब्यांच्या साखळ्या असायच्या.

"डबे कुठं?" गणिताच्या मुळीक सरांनी विचारलं.

"बंद केलं समद्यांनी," ज्ञानू म्हणाला. "बँकवाल्यांनी कालच केलं. डेपोचं आज. मुळीकसर, तुमचा बी नको म्हणून मीच सांगितलं. द्वारकाबाईला रगतपिती हाय."

मुळीक उठून बाहेर गेले आणि नळावर चूळ भरत राहिले. ते आदल्या दिवशीचं जेवण होतं, तरी ते चूळ भरत होते. मी ज्ञानूला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? तुमच्या मानपत्रावरनं समदी इचारत हुती, कुणाची बोटं, कुणाची बोटं. कुनी म्हणतंय कुंभाराची म्हातारी, कुनी म्हणतंय न्हाव्याची सून. मी म्हणलं, सबनीस सरांनी समारंभाच्या आधी धा दिवस द्वारकाबाईचा डबा बंद केलाय. पोटाचं नाव सांगितलंय. सरांनीच मानपत्र लिवलं, म्हंजी सरांस्नी ठावं. मग इचार कराय काय लागतंय?" तो कौतुकानं माझ्याकडे बघत होता. "तुमी शिकल्याली मानसं, सर. आदीच सावध झाला."

इतकी वर्षं मी ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांना मानपत्रापाशी थांबूनच सांगितली. भाषेच्या मोहात पडलो, एक वाक्य जास्त लिहिलं, असं म्हणायचो. ऐकणारेही म्हणायचे, सर, तुमचा हेतू चांगला होता. डब्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. शालन ग्रंथालयातून गेली त्या दुपारी समोरचा डबा मी उघडला नव्हता. ज्ञानूला म्हणालो होतो, "पोट बिघडलंय, डॉक्टरांनी दूध-पाव सांगितलाय, उद्यापासून डबा आणू नकोस." आणि तो डबा तसाच त्याच्या हाती परत दिला होता. मानपत्रानं गावाला रोग सांगितला आणि माझ्या डब्यानं घर दाखवलं. चार वर्षं जिचं अन्न खाल्लं तिच्या घरचे वासे मी मोजले नव्हते, मी तिचं छप्परच काढलं होतं.

मंगळवारीच संध्याकाळी शाळा सुटल्यावर शालन माझ्या खोलीवर आली. दारातच उभी राहिली. मी 'आत ये' म्हणालो तरी आली नाही.

"सर, तुमी डबा बंद केला हुता?"

"हो."

"मी सांगितलं त्याच दिशी?"

"हो."

"भ्या वाटलं?"

"हो," मी म्हणालो. या एका पोरीशीच मी त्या दिवसांत खरं बोललो.

"मला बी वाटलं हुतं पयल्या दिशी," ती म्हणाली. "घरला जाऊन राखंनं हात धुतलं हुतं. मग दुसऱ्या दिशी गेले."

मी मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं, पण मानपत्रं लिहिणाऱ्या माणसाला एक साधं वाक्य जुळेना. तीच म्हणाली, "मावशी दोन दिवस जेवली न्हाई. पीठ तसंच पडलंय. सर, एक कराल का? उद्या बाजाराचा दिस हाय. दुपारी या आन वट्यावर बसून जेवा. समद्यांच्या म्होरं. तुमी जेवला तर लोक म्हणतील, सरांनी पोटासाठीच बंद केला हुता. तुमचं बघून चार मानसं येतील. चार आली तर मागनं धा येतील."

"येतो," मी म्हणालो.

"भाकरी मीच करणार हाय," ती म्हणाली. मला धीर यावा म्हणून ती ते सांगत होती.

सकाळी मी भिसेला स्टँडवर गाठलं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि मला दोन-तीनदा तेच समजावून सांगितलं. औषध सुरू झालं की लागण नाही. अन्नातून तर नाहीच नाही. "सर, खुशाल जेवा. मी रोज चार अशा घरी चहा घेतो," तो म्हणाला. सगळं पटलं. मी बारा वाजता धोतर-कोट घालून निघालो.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. पंधरवड्यात द्वारकाबाईनं घर सोडलं आणि ती आटपाडीकडे भावाच्या गावी गेली. भावानं तिला गोठ्यात जागा दिली. तिथं गोळ्या पोचवणारं कुणी नव्हतं. राहिलेले पाच महिने राहूनच गेले आणि वर्षभरात तिची बोटं गेली, हे मला भिसेकडून कळलं. शालनच्या बाकावर बसायला मुली तयार होईनात. फेब्रुवारीत, परीक्षेला महिना असताना, तिच्या वडिलांनी तिचं नाव काढलं. कर्नाटकाच्या हद्दीवर कुठंतरी एका बिजवराला तिला दिली. संजयला पुढच्या वर्षी पुरस्कार मिळाला आणि त्याचं मानपत्र मीच लिहिलं. नंतर मी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली मागून घेतली.

तर त्या दुपारी मी बोळात शिरलो. बाजारामुळं माणसांची वर्दळ होती. समोरच्या दोरखंडाच्या दुकानात पाच-सहा जण टेकलेले होते. मला बघून बोलणं थांबलं. द्वारकाबाईनं ओटा शेणानं सारवून ठेवला होता, पाट मांडला होता, पाटापुढं रांगोळीची दोन बोटं ओढली होती. ती स्वतः मात्र चार हात लांब, दाराच्या आत उभी होती.

"बसा, सर," ती म्हणाली. "पोट बरं हाय न्हवं आता?"

"बरं आहे," मी म्हणालो आणि बसलो.

शालननं ताट आणलं. ज्वारीची ऊन ऊन भाकरी, मटकीची उसळ, लसणाची चटणी, कांदा. चार वर्षं मी हेच खाल्लं होतं आणि रविवारी साताऱ्याला गेलो की बायकोला त्या मटकीचं कौतुक सांगितलं होतं. शालन माझ्या बाजूला उभी राहिली. समोर आता दहा-बारा माणसं झाली होती. मुळीक सरही कोपऱ्यावर थांबलेले दिसले. मी भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि उचलला.

हात तोंडापर्यंत आला. तिथून पुढं जाईना.

भिसेनं सांगितलेलं एकेक अक्षर मला आठवत होतं. भाकरी शालनच्या हातची आहे हे माहीत होतं. कळत होतं पण वळत नव्हतं. डोळ्यांसमोर सारखं तव्याला चिकटलेलं कातडं येत होतं. उसळीचा रस मनगटावरून कोटाच्या बाहीत गेला. मी हात खाली आणला आणि पुन्हा वर नेला. दोरखंडवाल्याच्या दुकानात कुणीतरी खाकरलं.

दाराच्या आतून द्वारकाबाईचा आवाज आला. अगदी हळू, पण समोरच्यांना ऐकू जाईल एवढा. "सर, तुमास्नी शाळंला उशीर हुतोय जनू. बांधून देती. घरी सावकास खावा."

माझी लाज राखायला ती बाई पुढं झाली होती. तिचं सगळं गेलं होतं, तरी माझी राखत होती. आणि मी ती राखून घेतली. "हो, तास आहे मला," मी म्हणालो. तुकडा ताटात ठेवला. उठलो. मला वहाणा सापडेनात.

मी उठताच समोरची माणसं सैल झाली. जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं होतं.

शालन खाली बसली, पाट तिनं बाजूला सारला आणि माझं ताट स्वतःकडे ओढून घेतलं. मी मोडून ठेवलेला तुकडाच तिनं आधी उचलला. मोठा घास घेतला आणि समोर बघत, सगळ्यांकडे बघत चावू लागली. समोरच्या घरातल्या बाईनं पोराचा दंड धरून त्याला आत ओढलं. शालननं घास गिळला आणि आमच्या भागात जेवणारं माणूस रस्त्यावरच्याला म्हणतं तसं, दोरखंडवाल्याला हाक दिली.

"या काका, जेवायला."

तो गडबडला. पण पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ओठांवर आपोआप आलं. "होऊ दे, होऊ दे," म्हणत तो दुकानात वळला.

"या मामा, जेवायला." दुसराही 'होऊ दे' म्हणाला आणि चालू लागला. तिनं एकेकाला हाक दिली आणि एकेक जण तेच म्हणून निघून गेला. मुळीक सर तर हाक यायच्या आधीच गेले. बोळ रिकामा झाला. मला एव्हाना वहाणा सापडल्या होत्या. मी ओट्याची पायरी उतरलो.

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते. ताटात अर्धी भाकरी शिल्लक होती. ती तिनं जराशी माझ्या बाजूला सरकवली.

"या सर, जेवायला."

"होऊ दे," मी म्हणालो.